एआयची अलक कशी जोखावी: गुळगुळीतपणाच्या खाली बघण्याची रीत

अलक, म्हणजे अतिलघुकथा, वाचायला अर्धं मिनिट लागतं, आणि फसायलाही तेवढंच पुरतं. शंभर-दीडशे शब्द, वाक्यं शुद्ध, मध्ये कुठेतरी कुणाचे डोळे पाणावलेले, शेवटी हलकासा धक्का. आपण "वा" म्हणतो आणि पुढे सरकतो. कादंबरी लिहायला बसवलं की एआय कुठेतरी उघडं पडतं. तिसऱ्या प्रकरणातला मधला भाऊ सातव्यात एकुलता एक होतो, चाळिसाव्या पानावर पात्राचा स्वभावच पालटतो. अतिलघुकथेत असं घसरायला जागाच नसते. मग लांबी कमी म्हणून चुका कमी आणि चुका कमी म्हणून कथा चांगली, असा हिशेब डोक्यात परस्पर होऊन जातो.

हा हिशेब मीही केलेला आहे. अलकांच्या एका स्पर्धेचं परीक्षण करताना एका कथेला मी दहापैकी नऊ गुण दिले होते. दुसऱ्या दिवशी सहपरीक्षकांनी विचारलं, "ती कशाबद्दल होती?" मला घड्याळ आठवलं, अश्रू आठवले. कोण रडलं आणि का, ते काही केल्या आठवेना. ती कथा एआयची होती की माणसाची, हे आजही ठाऊक नाही आणि त्याने फरकही पडत नाही. नऊ गुण चुकीचे होते, एवढं नक्की. त्यानंतर मी जी पद्धत वापरत आलो, ती इथे मांडतो.

आधी ठरवा, जोखायचं काय

तीन वेगवेगळ्या गोष्टींची नेहमी सरमिसळ होते: हातातली एक कथा, ती लिहिणाऱ्या एआय-मॉडेलची कुवत, आणि ती निवडून तुमच्यासमोर ठेवणाऱ्या माणसाची नजर. "बघा, एआयने काय सुंदर कथा लिहिलीय" असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न विचारा: कितीतून? वीस कथा लिहवून घेऊन त्यातली एक दाखवली असेल, तर तिच्या गुणांतला बराच वाटा निवडणाऱ्याचा आहे. संपादन तेही कौशल्यच, पण ते मॉडेलच्या खात्यात जमा करू नये.

मॉडेलची कुवत बघायची असेल तर एकच प्रॉम्प्ट (म्हणजे मॉडेलला लिहून दिलेली सूचना) द्या, दहा कथा घ्या आणि आल्या त्या क्रमाने सगळ्या ठेवा. एकही गाळायची नाही. एक कथा जोखायची असेल तर प्रॉम्प्ट बाजूला ठेवा आणि कथा वाचून झाल्यावरच बघा. कित्येकदा कथेतली सगळ्यात चांगली कल्पना प्रॉम्प्टमध्येच लिहिलेली सापडते.

शब्दमर्यादेबद्दल एक गोष्ट. "बरोबर १०० शब्द" अशी अट घातली की मॉडेल बऱ्याचदा चार-दोन शब्द इकडे-तिकडे करतं. ते मजकूर शब्दांत मोजतच नाही, टोकन नावाच्या तुकड्यांत हाताळतं, आणि देवनागरीतल्या एका शब्दाचे अनेकदा दोन-तीन तुकडे पडतात. शब्द चुकले म्हणून साहित्यगुण कापू नका. तो नियमपालनाचा भाग, त्याची नोंद वेगळी.

नाव झाका

केंब्रिजमध्ये समीक्षक आय. ए. रिचर्ड्स विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता वाचायला देत आणि त्यांचे अभिप्राय लिहून घेत. त्यातून निघालेलं पुस्तक १९२९ साली आलं. नाव काढून घेतल्यावर चांगले शिकलेसवरलेले वाचकही कसे गोंधळतात, मोठ्या कवीला झिडकारतात आणि सामान्य पद्याला डोक्यावर घेतात, हे त्यात उघड झालं. एआयच्या बाबतीत गोंधळ दुहेरी आहे. "एआयची" म्हटलं की काहींच्या कपाळावर आठी पडते, तर काहींना "यंत्र असूनही" म्हणत कौतुकाचं भरतं येतं. दोन्हीत कथा राहते बाजूलाच.

२०२४ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासात सर्वसाधारण वाचकांना नामवंत कवींच्या आणि एआयच्या कविता दाखवल्या होत्या. वाचकांना त्या वेगळ्या ओळखता आल्या नाहीत, उलट एआयच्या कविता त्यांना जास्त आवडल्या. संशोधकांनी दिलेलं कारण विचार करण्याजोगं आहे: एआयच्या कविता सोप्या, लगेच समजणाऱ्या होत्या, आणि माणसाच्या कवितेतली गुंतागुंत वाचकांना विस्कळीतपणा वाटली. म्हणजे पटकन कळणं आणि चांगलं असणं यांची गल्लत आपण सगळेच करतो. परीक्षकाला ती परवडत नाही.

म्हणून नाव झाका, आणि जमलं तर गठ्ठ्यात माणसांच्या काही कथा मिसळा. "ही एआयची असेल का?" हा प्रश्न मनात येणारच. त्याचं उत्तर शोधत बसू नका. ओळखण्याचा खेळ वेगळा, परीक्षण वेगळं.

एकदा वाचा आणि कागद उलटा ठेवा

पहिलं वाचन साध्या वाचकासारखं, न थांबता करा. मग कथा झाकून दोन ओळी लिहा: काय घडलं, आणि कुणाला काय हवं होतं. "तिला तिच्या भूतकाळाशी सामना करावा लागतो" अशी ओळ उमटली तर सावध व्हा. ते घडलेलं नाही, तो आशय आहे. घडलेलं सांगता येत नसेल तर कथेत बहुधा काही घडलेलंच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आठवून बघा. माझा घड्याळाचा प्रसंग अशा दुसऱ्या दिवसाचाच. चांगल्या अलकेतलं एखादं बारीक कृत्य डोक्यात अडकून राहतं, साच्यातल्या अलकेतून फक्त हवामान उरतं: थोडं उदास, थोडं सोनेरी.

इथून पुढच्या कसोट्या हवेत बोलून चालणार नाहीत. म्हणून एआयकडून वारंवार येणाऱ्या वळणांवर बेतलेला एक नमुना घेऊ.

*वडिलांच्या मृत्यूनंतर मीरा पहिल्यांदाच त्या घरात आली. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं. चार वाजून दहा मिनिटं. नेमकी तीच वेळ, जेव्हा ते गेले होते. तिने थरथरत्या हातांनी किल्ली फिरवली. घड्याळ चाललं नाही. मागे एक चिठ्ठी होती: "मीरा, वेळ कुणासाठी थांबत नाही. तूही थांबू नकोस." तिच्या डोळ्यांत तिचे अश्रू दाटून आले. खिडकीतून सोनेरी प्रकाश आत झिरपत होता. ते फक्त एक घड्याळ नव्हतं. ती एक आठवण होती. आणि त्या शांततेत, कित्येक वर्षांनी, तिला पुन्हा टिकटिक ऐकू आली.*

पहिल्या झटक्यात वाईट वाटत नाही. व्याकरण ठीक, सुरुवात-मध्य-शेवट जागच्या जागी. सहा-सात गुण सहज पडतील.

मोठ्याने वाचा, मराठी कानाने

आता हीच कथा आवाज काढून वाचा. "तिच्या डोळ्यांत तिचे अश्रू" इथे जीभ अडखळते. दुसऱ्याचे अश्रू तिच्या डोळ्यांत कसे येतील? मराठीत "डोळे भरून आले" म्हटलं की कुणाचे ते सांगावं लागत नाही. सर्वनामांची ही रेलचेल म्हणजे वाक्याखाली दुसरी भाषा असल्याची खूण. "नेमकी तीच वेळ, जेव्हा ते गेले होते" हेही तसंच. मराठी माणूस "ते गेले त्याच वेळेला" म्हणेल. "तिने नकळत रोखून धरलेला श्वास सोडला", "त्याचे शब्द हवेत लटकत राहिले", "काहीतरी बदललं होतं. तिच्या आत." ही मंडळीही त्याच गावची.

मात्र हे दोष शोधण्यावरच थांबू नका, कारण ते दुरुस्त करायला पाच मिनिटं पुरतात आणि नवी मॉडेल्स या चुका कमी करू लागली आहेत. खरा प्रश्न असा की भाषेत जे मिळतं, त्यातलं कथेने काय वापरलं? मराठी क्रियापदाच्या शेपटीत केवढा स्वभाव मावतो बघा. "चिठ्ठी लिहिली" ही नुसती बातमी. "चिठ्ठी लिहून ठेवली" म्हटलं की पुढे कुणीतरी वाचेल ही तजवीज आली. "लिहून टाकली" म्हणजे एकदाचं डोक्यावरचं ओझं उतरवलं. आणि "चिठ्ठी लिहून बसला" म्हटलं की आता निस्तरा! चार रूपं, चार माणसं. शंभर शब्दांच्या कथेत पात्र उभं करायला लेखकाकडे असल्याच वस्तू असतात. तीच गत "म्हणे", "तर", "ना", "एकदाचा", "च" यांची. "तो येणार होता" आणि "तो येणार होता म्हणे" यांच्यात एक अख्खं माणूस उभं आहे, ज्याचा त्याच्या येण्यावर विश्वास नाही. एआयच्या मराठीत हे कण विरळ असतात. वाक्यं सरळ, सगळी एकाच उंचीची, आणि म्हातारा, पोर, डॉक्टर, चोर सगळे एकाच प्रमाणभाषेत बोलतात. संवादांवरची नावं झाकून बघा, बोलणारा ओळखू येतो का.

कोणाला काय, कधी ठाऊक होतं?

एआयच्या कथा सगळ्यात जास्त इथे कोसळतात, आणि लांबी कमी असल्याने ते सगळ्यात कमी दिसतं. नमुन्याकडे परत या. चिठ्ठी घड्याळाच्या मागे आहे आणि मजकूर थांबलेल्या वेळेबद्दल आहे. म्हणजे घड्याळ आपल्या मृत्यूच्या क्षणी थांबणार, मीरा ते दुरुस्त करायला जाणार, ते चालणार नाही आणि मग ती मागे बघणार, हे सगळं वडिलांना आधीच ठाऊक हवं. ते द्रष्टे होते का? कथा तसं म्हणत नाही. चिठ्ठी तिथे आहे कारण कथेला ती तिथे हवी होती.

पुढे चला. किल्ली कुठून आली? "त्या घरात" म्हणजे कुणाच्या? मीराचं माहेर असेल तर तिला घर नवं नाही, आणि घड्याळाशी तिचं काही जुनं नातं असायला हवं, जे कथेत शून्य आहे. "कित्येक वर्षांनी पुन्हा" टिकटिक ऐकू आली म्हणे, पण घड्याळ तर वडील गेले तेव्हा, म्हणजे अलीकडेच बंद पडलं. वाक्यांची मांडणी कार्यकारणाची आहे, आत कार्यकारण नाही.

हे बारकावे काढणं म्हणजे कीस पाडणं आहे, असं कुणी म्हणेल. स्वप्नकथेला, अद्भुतकथेला ही कसोटी तशीच लावू नये हे खरं; पण तिथेही त्या जगाचा एक नियम असतो आणि तो पाळला जातोय का, हे बघताच येतं. वास्तवाच्या अंगाने लिहिलेल्या कथेत तर पात्राने जे केलं ते *का* केलं याचं उत्तर कथेत नसलं तरी लेखकाजवळ असायला हवं. ते त्याच्याजवळ आहे की नाही, हे वाचताना जाणवतं.

उचलून बघा, कापून बघा

एकेक वाक्य उचला आणि विचारा: हे दुसऱ्या कुठल्याही कथेत ठेवता येईल का? "खिडकीतून सोनेरी प्रकाश आत झिरपत होता." पुनर्भेटीच्या कथेत चालेल, घटस्फोटाच्या कथेत चालेल, परग्रहावरच्या कथेतही चालेल. "थरथरत्या हातांनी" तर कुठेही. "ते फक्त एक घड्याळ नव्हतं, ती एक आठवण होती" यात घड्याळाच्या जागी छत्री, चष्मा, शर्ट काहीही घाला. संस्कृत काव्यशास्त्रकार क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्याचा विचार मांडला. त्याचा सोपा अर्थ असा की अलंकार योग्य जागी असेल तरच तो अलंकार. जे वाक्य सगळीकडे शोभतं ते इथलं नसतंच. मी अशा वाक्यांखाली पेन्सिलीने रेघ मारतो. दहा वाक्यांत पाच रेघा पडल्या की कथेचं काय करायचं ते आपोआप ठरतं.

मग शेवट. शेवटची दोन वाक्यं कापा आणि वाचा. एआयच्या अलकेत निम्म्याहून अधिक वेळा कथा सुधारते, हा माझा अनुभव. कारण त्या वाक्यांत कथेने आधीच जे केलं तेच समजावून सांगितलेलं असतं. नमुन्यात दोन वाक्यं कापूनही भागत नाही, चिठ्ठीपर्यंत कापावं लागतं, आणि मग हातात काहीच उरत नाही. हाही निकालच.

शेवट असे का होतात, त्याला कारण आहे. मॉडेल एकेक टोकन पुढे जातं, आतापर्यंतच्या मजकुरानंतर काय येण्याची शक्यता जास्त आहे त्या अंदाजाने. वर, माणसांनी पसंत केलेल्या उत्तरांवर त्याला पुन्हा घडवलेलं असतं, आणि पसंती बहुधा स्वच्छ, समाधान देणाऱ्या, कुणाला न खुपणाऱ्या उत्तरांना मिळते. प्रश्नोत्तरांसाठी हे उत्तम. कथेत मात्र प्रत्येक दुःखावर शेवटच्या ओळीत फुंकर घातली जाते.

कलाटणीबद्दल थोडं वेगळं. अलक आणि धक्का यांचं आपण लग्नच लावून दिलंय, त्यामुळे शेवटी बोलणारा मेलेला निघतो, आई रोबो निघते, आरसा निघतो. धक्का आणि कलाटणी यातला फरक दुसऱ्या वाचनात कळतो. शेवट माहीत असताना कथा पुन्हा वाचा. आधीच्या वाक्यांना नवा अर्थ येत असेल तर ती कलाटणी. नुसती माहिती दडवून ठेवली होती असं दिसलं तर तो धक्का, आणि तो एकदाच बसतो.

न सांगितलेलं आणि सांगताच न आलेलं

अतिलघुकथा उभी राहते ती न सांगितलेल्यावर. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वनीला काव्याचा आत्मा म्हटलं. शब्दांतून थेट कळतो तो वाच्यार्थ, त्यापलीकडे सुचतो तो व्यंग्यार्थ. काव्यशास्त्रातलं एक जुनं उदाहरण आहे: "सूर्य मावळला." गुराख्याला त्यातून "गुरं परत न्यायची वेळ झाली" असं कळतं, चोराला "निघायची वेळ झाली", वाट बघणाऱ्या प्रेयसीला आणखी काही. वाक्य एकच. पण ते *कोण कुणाला* म्हणतंय हे ठरल्याशिवाय त्यातून काही सुचत नाही. एआयच्या अलकेतली गोम इथे आहे. तिथला सोनेरी प्रकाश कुणी कुणाला दाखवत नाही, म्हणून त्यातून ध्वनी निघत नाही, नुसता धूसरपणा निघतो.

सूचकता आणि धूसरपणा वेगळे काढायला मी एक खटपट करतो. कथेचे शक्य ते अर्थ कागदावर लिहून काढतो. दोन-तीन अर्थ निघाले, ते एकमेकांशी भांडले आणि प्रत्येकाच्या बाजूने कथेतलं एखादं वाक्य उभं राहिलं, तर ती सूचकता. काहीही अर्थ लावला तरी चालतोय, कथेतलं एकही वाक्य हरकत घेत नाही, असं झालं तर लेखकाने जागा मोकळी सोडलेली नाही, ती भरताच आलेली नाही.

तेच घड्याळ घेऊन केलेली ही दुसरी कथा:

*वडील गेल्यावर मीरा घर आवरायला आली. भिंतीवरचं घड्याळ नेहमीसारखं दहा मिनिटं पुढे होतं. तिने स्टूल ओढलं, मोबाइल बघून काटे मागे घेतले. पाच वाजता भाऊ आला, कागदांवर सह्या केल्या, बॅग उचलली. दारातून वर बघत म्हणाला, "थांब, ते दहा मिनिटं पुढेच असतं ना. बसतो जरा." मीराने खुर्ची पुढे सरकवली.*

पन्नासेक शब्द. अश्रू नाहीत, प्रकाश नाही. घड्याळ आता बरोबर वेळ दाखवतंय, म्हणजे बसला तर त्याला उशीर होणार आहे आणि हे तिला ठाऊक आहे. ती गप्प का? तो थोडा वेळ राहावा म्हणून? सह्या करून लगेच निघालेल्या भावावरचा राग म्हणून? की घरात वडिलांची सवय अजून चालतेय, ती मोडवत नाही म्हणून, जरी काटे फिरवून तिने स्वतःच ती मोडली आहे? तीन अर्थ, तिघांचं भांडण, आणि "सह्या केल्या" हे दोन शब्द रागाच्या बाजूने साक्ष देतात. "ना" कडेही बघा. त्या एका अक्षराने दोघांचं बालपण एकाच घरात गेल्याचं सांगितलं.

हिलाही सोडू नका. भावाच्या खिशात मोबाइल नाही का? आहेच, तिच्याकडे आहे तर त्याच्याकडेही असणार. त्या घरात शिरल्यावर माणूस जुन्या सवयीने भिंतीकडे बघतो, हे पटण्याजोगं आहे, पण कथेने त्याला अर्धाच आधार दिलाय. शेवटची खुर्चीही थोडी नाटकातल्यासारखी आहे, कुणीतरी "आता सूचक कृती हवी" म्हटल्यासारखी. मला त्या जागी ती स्टूल जागेवर ठेवताना चालली असती. तरीही हे आक्षेप *या* कथेवरचे आहेत, दुसऱ्या कथेवर चिकटवता येणार नाहीत. चांगल्या कथेचे दोषही तिचेच असतात.

दहा कथा शेजारी मांडा

एआयबाबत माझा सगळ्यात जास्त भर या पायरीवर आहे. एकटी कथा बघून साचा दिसत नाही, कारण पहिल्यांदा भेटलेला साचा कल्पकतेसारखाच दिसतो. घड्याळाची ती पहिली कथा कुणी आयुष्यात एकदाच वाचली तर त्याला ती भिडेलही. एकाच प्रॉम्प्टवरच्या दहा कथा मांडल्या की मात्र चित्र पालटतं. सहा कथांत चिठ्ठी किंवा पत्र. सातांत कुणीतरी आधीच वारलेलं. पात्रांची तीच तीन-चार नावं आलटून पालटून. पहिलं वाक्य "शेवटचा", "पहिल्यांदाच" किंवा एखाद्या बंद वस्तूने सुरू. शेवटी कुणीतरी हसतं, "कित्येक वर्षांनी".

अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर या संशोधकांनी २०२४ साली 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मध्ये आठ वाक्यांच्या कथांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही लेखकांना एआयने सुचवलेल्या कल्पना दिल्या, काहींना नाही. कल्पना मिळालेल्यांच्या कथा वाचकांना एकेकट्या बघितल्यावर सरस वाटल्या, विशेषतः मुळात कमी सर्जनशील लेखकांच्या. पण त्या कथा आपसांत जास्त सारख्या होत्या. एकेक कथा वर गेली आणि ढीग एकसुरी झाला.

करायचं ते असं. दहाही कथांची पहिली वाक्यं एका खाली एक लिहा. मग शेवटची वाक्यं. मग मध्यवर्ती वस्तू, कुणाचं काय हरवलंय, शेवटचा भाव. एका पानावर काम होतं. जी कथा या पानातून बाहेर पडते तिच्याकडे परत जा आणि तिला नव्याने वाचा. बाहेर पडली म्हणजे चांगली असं नाही. 'टेंपरेचर' नावाचं सेटिंग चढवून मॉडेलला चित्रविचित्र बोलायला लावता येतं आणि त्यातून वेगळेपण मिळतं, कथा मिळतेच असं नाही.

ओघाने आणखी एक तपासणी: लक्षणीय वाटलेलं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून इंटरनेटवर शोधा. इतक्या छोट्या प्रकारात फिरून फिरून आलेल्या कल्पना भरपूर आहेत आणि मॉडेलने त्या वाचलेल्या असतात.

गुण द्यायचेच असतील तर

भाषा ५, कल्पना ५, शेवट ५ असे रकाने करून बेरीज करू नका. बेरजेत गुळगुळीत कथा नेहमी जिंकते, कारण तिला कुठेच शून्य पडत नाही. जिवंत कथेला भाषेत दोन आणि बाकीच्यात पाच पडलेले असू शकतात. त्यापेक्षा होय-नाही प्रश्न बरे. संशोधक तुहिन चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञ टॉरन्स यांच्या सर्जनशीलता-चाचणीवरून कथालेखनासाठी अशा १४ होय-नाही चाचण्या बनवल्या आणि अनुभवी लेखकांकडून त्या लावून घेतल्या. व्यावसायिक लेखकांच्या कथांच्या तुलनेत त्या वेळच्या मॉडेल्सच्या कथा ३ ते १० पट कमी चाचण्या उत्तीर्ण झाल्या. मॉडेल्स तेव्हापासून बदलली आहेत, म्हणून आकडा आजचा मानू नका. रीत मात्र उसनी घेण्याजोगी आहे.

माझे प्रश्न पाच: घडलं काय ते सांगता येतं का? कार्यकारण टिकतं का? निम्म्याहून अधिक वाक्यं या कथेचीच आहेत का? शेवट कापला तर नुकसान होतं का? दुसऱ्या वाचनात काही नवं मिळालं का? प्रत्येक 'होय'पुढे कथेतलं वाक्य उतरवायचं. वाक्य सापडलं नाही तर 'होय' खोडायचं.

एकट्याने परीक्षण करू नका. मानसशास्त्रज्ञ तेरेसा अमाबाइल यांनी १९८२ साली मांडलेल्या पद्धतीचं सूत्र असं, की त्या क्षेत्रातल्या जाणकारांनी एकमेकांशी न बोलता स्वतंत्रपणे मूल्यमापन करावं आणि त्यांची मतं किती जुळतात ते बघावं. तीन वाचक पुरे. आधी लिहा, मग बोला. जिथे मतं फाटतात त्या कथांवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण मत फाटलेली कथा निदान कुणाला तरी टोचलेली असते.

एआयलाच परीक्षक करायचा मोह होतो. मॉडेल्सना परीक्षक म्हणून तपासणाऱ्या २०२३ सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात तीन खोडी नोंदल्या आहेत: दोन उत्तरांपैकी ठरावीक जागेवरच्याला झुकतं माप, लांबलचक उत्तराला झुकतं माप, आणि स्वतःच्या लिखाणाकडे कल असल्याची चिन्हं. जोड्या लावून विचारायचंच असेल तर क्रम उलटून पुन्हा विचारा, आणि निकाल उलटला तर दोन्ही फेकून द्या. त्यापेक्षा त्याला हमाली सांगा. "या दहा कथांत पुन्हा पुन्हा आलेल्या वस्तू आणि शब्द काढून दे" हे काम ते झकास करतं. "कुठली चांगली?" हे विचारू नका. विचारलंच तर ते घड्याळाच्या पहिल्या कथेची "हृदयस्पर्शी" म्हणून पाठ थोपटेल, कारण ते वळण त्याच्याच घरचं आहे.

निकाल लिहिताना

"भावस्पर्शी", "ओघवती", "मनाला भिडणारी" असे शब्द निकालात आले की समजा, आपणही साच्यातूनच लिहितोय. कथा न वाचलेल्या माणसालाही ती कोणती आहे ते कळेल, असं लिहा. वरच्या दुसऱ्या कथेवरचं माझं टिपण हे असं निघालं:

"काटे मागे घेणं आणि गप्प राहणं, या दोन कृतींवर कथा तोलली आहे. मध्ये कुणीच काही समजावत नाही. 'सह्या केल्या' मुळे मीराच्या गप्प राहण्यात थोडा डंख येतो, तो नसता तर कथा निव्वळ गोड झाली असती. खुर्ची अनावश्यक. मोबाइलचा प्रश्न सुटलेला नाही. 'त्याचा मोबाइल बॅगेत होता' म्हणून सोडवू नये, त्याने ठिगळ दिसेल. पाचपैकी चार 'होय'. कार्यकारणापुढे प्रश्नचिन्ह."